रेडिओ पुन्हा सुरू करायचा आहे, या वेळी परवान्यासह

मंडळीतल्या सर्व बंधुभगिनींना, आणि मंडळीत न येताही आपली गाणी ऐकणाऱ्या शेजाऱ्यांना, सप्रेम जय ख्रिस्त.

नवापूर तालुक्यातल्या आपल्या मंडळीचा इंटरनेट रेडिओ नाताळच्या आठवड्यापासून बंद आहे. तो का बंद पडला याच्या दोन-तीन गोष्टी गावात फिरताहेत, म्हणून आधी खरं ते सांगतो. गावातल्या कुणी तक्रार केलेली नाही, पोलीस आलेले नाहीत, पैसेही कुणी खाल्लेले नाहीत. चूक आमची, म्हणजे पंच कमिटीची होती. बाजारातल्या सीडीवरची, कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेली गाणी आपण बिनधास्त लावत होतो. देवाचं गाणं, त्याला कसला परवाना, असं आम्हालाही वाटायचं. एका गाण्याच्या मालकाने हक्क सांगितला आणि ज्या कंपनीच्या सर्व्हरवरून आपला रेडिओ चालायचा, तिने तो रात्री दहाला बंद केला. मालकाचं काही चुकलं नव्हतं.

त्या रात्री पहिला फोन सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीकडच्या पडावावरून आला. ऊसतोडीला गेलेली आपली माणसं पालात मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवतात, म्हणजे आवाज घुमतो, आणि चार-पाच कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, मिळून एकाच मोबाइलवर ऐकतात. "भाऊ, रिचार्ज तर कालच मारला, मग गाणं मधेच कसं गेलं?" असं विचारत होते. काय सांगणार?

"एवढी कटकट कशाला, सरळ एफएम काढा," असं बरेच जण सुचवतात. खासगी एफएमच्या वाहिन्या लिलावात जातात आणि धार्मिक संस्थेशी जोडलेल्या कंपनीला त्या लिलावात बसताच येत नाही. राहिला सामुदायिक रेडिओ. २००६ पासून तो सेवाभावी संस्थांनाही मिळतो. पण तो अख्ख्या परिसराचा असावा लागतो: शेती, आरोग्य, शाळा, सगळ्यांच्या बोली, आणि निम्मे कार्यक्रम तरी तिथल्याच लोकांनी केलेले. नुसत्या भजनांसाठी तो मागणं आम्हाला रास्तही वाटत नाही. शिवाय शंभर वॅटचा ट्रान्समीटर आणि तीस मीटरचा मनोरा मिळून आवाज जाणार पाच-दहा किलोमीटर. आपले ऐकणारे दिवाळीनंतर निघतात ते अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास परततात. नवापुरात मनोरा उभारून सुरत जिल्ह्यातल्या पडावाला काय ऐकू येणार?

तरुण संघातल्या एकाने ऑनलाइन मिळणारा छोटा ट्रान्समीटर दाखवला होता. तो आणायचा नाही. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने असंच घरगुती केंद्र चालवलं होतं. लोकांचं भारी लाडकं होतं, तरी विनापरवाना म्हणून २००६ मध्ये बंद झालं. आपल्याला एकदा बंद पडून पुरे झालं आहे.

तेव्हा रेडिओ इंटरनेटवरच राहील. खरा प्रश्न गाण्यांच्या परवान्याचा आहे, आणि तो जरा नीट समजून घ्या. उपासनेत किंवा लग्नाच्या वरातीत गाणं म्हटलं किंवा वाजवलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे. तेच गाणं रेडिओवर गेलं की सूट संपते. एका गाण्यावर हक्कही एकच नसतो. शब्द लिहिणाऱ्याचा वेगळा, चाल बांधणाऱ्याचा वेगळा आणि ध्वनिमुद्रण काढणाऱ्या कंपनीचा वेगळा. शब्द आणि चालीचे परवाने देणारी मोठी संस्था आयपीआरएस, आणि बऱ्याच कंपन्यांच्या ध्वनिमुद्रणांचं काम पीपीएल पाहते. जे लेखक आणि कंपन्या या दोन्हींत नाहीत, त्यांच्याशी वेगवेगळं बोलावं लागतं. एफएमवाल्यांना कायद्याने ठरवून दिलेल्या दरात गाणी लावण्याची वाट आहे. ती इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. त्यामुळे आपल्याला दार वाजवूनच आत जायचं आहे.

जुन्या गाण्यांचं सोपं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून त्यांचे शब्द आता कुणीही गावेत. पण ते परवा कुणी स्टुडिओत गाऊन विकायला काढले असतील, तर ते ध्वनिमुद्रण त्याचंच. उपाय एकच: आपण गायचं.

आणि गायला आपल्याकडे काय कमी आहे? महिला मंडळाच्या बायका आपल्या मावची बोलीतली जी गाणी म्हणतात, ती कुठल्या सीडीवर सापडणार नाहीत. गेल्या महिन्यात संडे स्कूलच्या खोलीत एक प्रयोग केला. पत्र्याचा आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, पेटी, ढोलकी आणि खंजिरी घेऊन बसलो. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी डोळे मिटून सात कडवी म्हटली. सहाव्या कडव्याला सुरत-भुसावळ मार्गावरची मालगाडी शिट्टी मारत गेली. आजी थांबल्या नाहीत. ती शिट्टी आम्ही तशीच ठेवली आहे.

आता मदतीचं. बाहेरच्या गाण्यांच्या परवान्याची फी, सर्व्हरचं भाडं, दोन बरे माईक आणि एक मिक्सर, एवढ्यासाठी घरटी वर्षाला ५०० रुपये धरले आहेत. ज्याला जमत नाही त्याने देऊ नये. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन तर मुळीच देऊ नये. आलेले दरपत्रक आणि खर्चाचा हिशोब दर महिन्याला फलकावर लागेल. मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, पावती मिळेल, मात्र आयकरात सूट मिळणार नाही. परदेशातल्या नातेवाइकांबाबत एक सूचना: भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम चालते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून मात्र आपल्याला घेता येत नाही, कारण त्याला लागणारी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आपल्याकडे नाही. अशा माणसाने रागावू नये, गाणं पाठवावं.

पैशांइतकीच सह्यांची गरज आहे. ज्यांनी गाणी लिहिली किंवा चाल लावली, त्यांनी परवानगीची चिठ्ठी भरून द्यावी. आपण हक्क विकत घेत नाही, गाणं तुमचंच राहतं; चिठ्ठीत फक्त रेडिओवर लावायची मुभा आहे. मुदत आणि प्रदेश दोन्ही त्यात स्पष्ट लिहिले आहेत, कारण ते न लिहिल्यास कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत धरतो, आणि आपली काही मुलं आखातात आहेत. लेखक वारले असतील तर वारसांची सही लागेल. आयपीआरएसचे सभासद असाल तर आधी सांगा, मग नुसत्या तुमच्या सहीने भागत नाही. कुणाच्या ओळखीत इंग्रजी करारनामा वाचून समजावणारा वकील असेल तर त्यालाही घेऊन या, चहा आमच्याकडून.

आणि कृपा करून पेन ड्राइव्ह आणू नका. कपाटात आधीच एक डबा भरला आहे.

दिवाळीच्या आत, म्हणजे ऊसतोडीच्या गाड्या भरायच्या आधी रेडिओ सुरू करायचा आहे. पैसे आणि चिठ्ठ्या दर रविवारी उपासनेनंतर कचेरीत घेतल्या जातील. गाणं म्हणायचं असेल त्यांनी गुरुवारी रात्री संडे स्कूलच्या खोलीत यावं. येताना घरून एक गोधडी आणावी, दक्षिणेकडची भिंत अजून उघडीच आहे.

आपली,
पंच कमिटी आणि भजनी गट