सिरेतच्या अनोळखी माणसांचे आभार

२४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा मी चेर्निव्त्सीत मेडिकलला होते. रोमानियाची सरहद्द जेमतेम ४० किलोमीटर. पण बसवाल्यानं बरंच अलीकडे उतरवलं, पुढे पायपीट, मग रात्रभर रांग आणि कडाक्याची थंडी.

पलीकडे सिरेतला पाऊल टाकलं आणि एका आजींनी काही न विचारता माझे ओले हातमोजे काढले. माझी बोटं आपल्या तळव्यांत धरून चोळत राहिल्या. मग स्वतःचे लोकरीचे मोजे माझ्या हातांत चढवले. त्यांची भाषा मला येत नव्हती. "च्याय?" एवढंच कळलं. रोमानियनमध्ये चहाला हेच म्हणतात! तो शब्द ऐकला आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू फुटलं.

सिमकार्ड देणारा तो मुलगा, त्याच्यामुळे जळगावला आईचा जीव भांड्यात पडला. तंबूत गरम सूप वाढणारे, शाळेच्या हॉलमध्ये आमच्यासाठी गाद्या घालणारे, कुणाचंच नाव विचारायचं राहून गेलं. तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार.

आजी, तुमचे मोजे माझ्या कपाटात आहेत. डाव्या अंगठ्याची वीण उसवली होती, ती आईनं शिवली.