उभं राहून एक्स-रे काढायला लावणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या जुलैत दादरच्या पुलावरून उतरताना माझी शेवटची पायरी चुकली. चवडा टेकलेला, टाच हवेत, आणि मागून गर्दीचा रेटा. घराजवळच्या दवाखान्यात झोपवून एक्स-रे काढला, "हाड शाबूत आहे, मुरगळलंय" म्हणत क्रेप बँडेज बांधून दिलं. आईने वर आंबेहळदीचा लेप चढवला. आठ दिवस मी तशीच लंगडत लोकल पकडत होते. हा शहाणपणा माझा.

तुमच्याकडे आले ती दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. बँडेज सोडल्यावर तुम्ही आधी तळवा बघितलात. मधोमध, खोलगट भागात, जांभूळ चिरडल्यासारखा डाग होता. मला पत्ताच नव्हता. स्वतःचा तळवा बघतं कोण? "हे कधीपासून?" एवढंच विचारलंत आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावलात : उभं करून काढू का, दोन्ही पायांचा?

पायावर वजन टाकलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तुम्ही वॉकर आणून दिलात, काचेआडून "झालं, झालं, हलू नका" म्हणत राहिलात. मग स्क्रीनवर दिसली ती फट : अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या लांब हाडांच्या मुळाशी. डाव्या पायात नव्हती. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये उजव्यातही नव्हती, कारण पायावर भारच नव्हता.

याला लिसफ्रँकची दुखापत म्हणतात, हे नंतर कळलं. लिसफ्रँक हे फ्रेंच सर्जन. १८१५मध्ये त्यांनी याच सांध्यांतून पाऊल कापायची रीत मांडली होती. ते वाचून आईने देव पाण्यात ठेवले. माझं स्क्रूंवर भागलं. दुसऱ्या बोटाचं हाड तिथे पाचरीसारखं बसलेलं असतं, आणि त्याला आतल्या बाजूच्या हाडाशी बांधणारा लिगामेंट माझा तुटला होता. तसंच चालत राहिले असते तर पावलाची कमान बसली असती, सांधा झिजून जन्माचं दुखणं मागे लागलं असतं.

सहा आठवडे पाय टेकायचा नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. ते पुराण नको.

डॉक्टरांना पेढे दिले. तुमचा पुडा घेऊन आले तर तुमची ड्युटी बदललेली. काउंटरवर ठेवलाय, चिठ्ठीवर "तळवा बघणाऱ्या ताईंसाठी" असं लिहून.

परवा तोच पूल पुन्हा उतरले. कठडा धरून, मागच्यांचे शब्द ऐकत.