रॉड घेताना आधी ग्रॅम बघा!

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत समुद्रावरच्या फिशिंगवर लेख आला होता. वाचून बरं वाटलं, आमच्या या वेडाला पेपरात जागा देतं कोण, पण त्यातलं एक वाक्य काही केल्या पचेना. किनाऱ्यावरून मासे धरायचे तर 'जेवढा लांब आणि दणकट रॉड तेवढा चांगला' असं त्यात लिहिलंय. आमिष लावून, रॉड स्टँडला टेकवून बसायचं असेल तर ठीक आहे हो, घ्या बारा-तेरा फुटी आणि जड शिसं लांब भिरकावून गप्पा मारत बसा. पण ल्युअर (म्हणजे नकली आमिष) टाकणाऱ्याचं गणितच वेगळं, त्याचा रॉड हातातून खाली जातच नाही, कास्ट मारा म्हणजे लांब फेका, गुंडाळा, परत मारा, तीन तासांत दीडशे कास्ट तर सहज होतात आणि तितक्या वेळा तो दांडका खांद्यावरून फिरवायचा असतो.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझा पहिला रॉड असाच होता. १३ फुटी, त्यावर १०० ते २०० ग्रॅम छापलेलं, मी म्हटलं वा, एवढं झेपतं म्हणजे माझी २८ ग्रॅमची मेटल जिग (धातूचा ल्युअर) तर किस झाड की पत्ती! पुळणीवर उभा राहून जीव खाऊन कास्ट मारली तर रॉड वाकलाच नाही, जिग पहिल्या लाटेच्या अलीकडेच पडली. शेजारी एक पोरगा नऊ फुटी रॉड घेऊन आरामात माझ्या दुप्पट लांब टाकत होता. अर्ध्या तासात माझा खांदा गेला, तो संध्याकाळपर्यंत टाकत होता.

कारण साधं आहे पण कोणी सांगत नाही. रॉड म्हणजे स्प्रिंग. कास्ट मारताना ल्युअरच्या वजनाने तो वाकतो आणि सरळ होताना ल्युअर फेकतो. ल्युअर हलका पडला तर रॉड वाकणारच नाही, मग तुम्ही नुसतं दंडाच्या जोरावर फेकताय, आणि फार जड झाला तर एक दिवस रॉडच तुटतो. म्हणून मुठीच्या वर बारीक अक्षरात जे १५-४० ग्रॅम किंवा २०-६० ग्रॅम असं ल्युअरचं वजन छापलेलं असतं ते लांबीच्या आधी वाचायचं. काही रॉडवर औंस असतात, १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, म्हणजे अर्धा ते दीड औंस लिहिलं असेल तर १४ ते ४२ ग्रॅम. आणि त्या आकड्यांची दोन्ही टोकं फार मनावर घेऊ नका, १५-४० चा रॉड खरा खुलतो तो २५-३० ग्रॅमला. तेव्हा आधी ल्युअरचा डबा उघडा, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि एकेक मोजा, मग रॉड बघायला निघा. माझ्या डब्यातले बहुतेक २० ते ३५ ग्रॅमचे निघाले आणि मी १०० ग्रॅमवाला रॉड घेऊन फिरत होतो, आता बोला.

लांबीचं म्हणाल तर वाळूवर साडेनऊ-दहा फूट बरा, कारण पुढे लाटा फुटत असतात आणि लाईन (दोरी) त्यांच्या वर उचलून धरावी लागते. खडकावर वेगळीच भानगड. मागे कातळ किंवा झुडूप असलं की लांब रॉड फिरवायलाच जागा नसते, टोक मागे आपटतं, तिथे साडेआठ-नऊ फूट पुरे. पण पायाखालचा खडक पुढे आलेला असेल तर आखूड रॉडने लाईन त्याच्या धारेवर घासते, तेव्हा परत एखादा फूट जास्त असता तर असं वाटतं. दोन्हीकडे एकच न्यायचा असेल तर मी नऊ ते साडेनऊ फुटी घेईन, आणि बुडाकडून ताकदीचा, कारण खडकावरचा मासा गळाला लागला की पहिला कपारीतच घुसतो, त्याला तिथून वळवायचं काम रॉडचा खालचा अर्धा भाग करतो.

ॲक्शन आणि पॉवर यात लोक हमखास घोळ घालतात. पॉवर म्हणजे वाकवायला जोर किती लागतो, ॲक्शन म्हणजे तो वाकतो कुठे. फास्टवाला फक्त शेंड्याकडे वाकतो, जिगला झटके द्यायला झकास. मॉडरेट अर्ध्यापर्यंत वाकतो, मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा ल्युअर) ओढताना मला तोच आवडतो, कारण ब्रेड लाईन (विणलेली दोरी) ताणली जात नाही, वर रॉडही काठीसारखा ताठ असला तर मिनोचे छोटे गळ माशाच्या तोंडातून फाटून निघतात.

आणि ते ३० टन, ४० टन कार्बन लिहितात ना, त्याचा अर्थ रॉड टनभर उचलतो असा नाही (मला तसंच वाटायचं, हसू नका). तो कार्बनच्या ताठपणाचा आकडा आहे. आकडा जास्त म्हणजे रॉड हलका आणि चपळ, पण आपटला की नाजूक. माझा दुसरा रॉड मी लाईन सोडवायला म्हणून खडकावर आडवा ठेवला होता, कुठेतरी बारीकसा टवका उडाला, दिसलाही नाही, आणि दोन दिवसांनी भर कास्टमध्ये कट्ट! वरचा तुकडा ल्युअरच्या मागे पाण्यात. खडकावर धडपडणाऱ्याने मधल्या आकड्याचाच घ्यावा असं माझं मत झालंय. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर अधूनमधून जोड चाचपत जा, कास्ट मारून मारून तो सैल होतो आणि बरेच रॉड तिथेच मोडतात. वीज चमकायला लागली की मात्र सगळं सोडून निघायचं, कार्बनमधून वीज जाते.

रॉड हातात आला की रील (लाईन गुंडाळायची चकरी) लावूनच बघा, तुमचं ४००० साइजचं असेल तर तेच. मुठीचं टोक काखेत धरल्यावर हात रीलपर्यंत आरामात पोचला पाहिजे, मूठ त्याहून लांब असेल तर ल्युअर खेळवताना ती सारखी बरगडीत टोचते. मग लाईन ज्यातून जाते त्या एकेका रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकले तर ती रिंग चिरलेली आहे आणि ती ब्रेड कापणार. हे घरीही अधूनमधून करा, आणि समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याने धुवा.

जाता जाता, लेखासोबतच्या फोटोत एक गृहस्थ रॉड पार डोक्याच्या मागे नेऊन मासा उचलताना दिसतायत. असं केलं की सगळा भार बारीक शेंड्यावर येतो आणि तो तुटतो. मासा जाळीने घ्यायचा, नाहीतर लाटेबरोबर वर ओढून घ्यायचा. पुढच्या वेळी तेवढा फोटो बदला.

आपला,
दोन रॉड घालवून बसलेला एक वाचक