‘करंटच्या तपासणी’साठी किती लांब जायचं?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वडवणी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या आईने बावीस हंगाम ऊसतोड केली. गेली तीन वर्षं ती मध्यरात्री हात झटकत उठायची. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या, मग हात बधिर. भाकरी थापताना पीठ हाताला लागतं की नाही तेच तिला कळेना. कोयता तर दोनदा हातातून निसटला. “करंगळी तेवढी चांगली हाय,” असं ती प्रत्येक डॉक्टरला सांगत राहिली. ते कोणीच मनावर घेतलं नाही.

मानेचा एमआरआय झाला आणि “मणक्यात गॅप आहे” असं ठरलं. पट्टा, गोळ्या, शेक यांत दोन वर्षं गेली. पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यभर मोळ्या वाहिलेल्या बाईचा मणका झिजलेला दिसणारच. पण एमआरआयमध्ये रचना दिसते. नस काम करते की नाही, हे पाहण्याची तपासणी वेगळी असते. तिला डॉक्टर एनसीव्ही आणि ईएमजी म्हणतात, आपल्याकडे लोक ‘करंटची तपासणी’ म्हणतात. हे नावच माणसाला घाबरवतं. आई तर अडूनच बसली होती : “करंट लावतेत म्हनं. मला न्हाई यायचं.”

शेवटी जानेवारीत पहाटेच्या एसटीने बीड आणि तिथून छत्रपती संभाजीनगर गाठलं. आईला अर्धं तिकीट होतं, तरी दोन दिवसांची बुडालेली मजुरी, दोघांचं जेवणखाण आणि तपासणीची फी धरता गरीब घराला तो खर्च जडच. त्याआधी एकदा गेलो होतो तेव्हा मशीन बंद होतं. तसेच परत आलो होतो.

तिथे जे पाहिलं ते आपल्या वाचकांना मुद्दाम सांगतो, म्हणजे भीती तरी जाईल. आईचे हात गार पडले होते, म्हणून तपासणाऱ्या मॅडमनी आधी ते कोमट पाण्यात ठेवायला लावले. गार हातात नसेचा संदेश मुळातच हळू जातो आणि नसलेला आजार दिसू शकतो. मग अंगठ्याखाली चकत्या चिकटवून मनगटाला बारीक झटका दिला. एक झटका साधारणपणे सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. अंगठा आपोआप उडाला, पडद्यावर लाट उमटली. हाताच्या निरोगी नसेतून संदेश सेकंदाला साधारण 50 मीटर किंवा त्याहून वेगाने धावतो. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत यायला त्याला 4 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. आईच्या उजव्या हाताला 7.8 लागले. करंगळीची नस मात्र अगदी ठणठणीत निघाली. बाई तीन वर्षं जे सांगत होती तेच मशीनने सांगितलं.

त्यानंतर अंगठ्याखालच्या स्नायूत बारीक सुई घातली. सुईतून करंट देत नाहीत, ती फक्त स्नायूचा आवाज ऐकते. निरोगी स्नायू सैल सोडला की गप्प असतो. आईने हात सैल सोडलेला होता, तरी स्पीकरमधून पत्र्यावर पाऊस पडावा तशी टपटप चालू होती. नसेचा आधार तुटलेला स्नायू असा वाजतो, असं डॉक्टरांनी समजावलं. तिच्या अंगठ्याखालचा उंचवटा बसला होता तो का, हे मला त्या क्षणी कळलं, आणि वाया गेलेल्या दोन वर्षांचा फार राग आला. मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली गेली होती. यालाच कार्पल टनेल म्हणतात.

बेडकाच्या नसेतला संदेशाचा वेग जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये मोजला होता. हे मी स्वतः मुलांना सांगतो. त्या गोष्टीला पावणेदोनशे वर्षं झाली, आणि आमच्या गावच्या माणसाला मात्र ही तपासणी असते हेच माहीत नाही.

गरज एकट्या ऊसतोड बायकांची नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेले आहेत, कुष्ठरोगात नसा जाड झालेले आहेत. काही फवारणीच्या औषधांची विषबाधा झालेला माणूस वाचतो आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याचे पाय लुळे पडतात. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात गुलियन बॅरे या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा हीच तपासणी कामी आली. तीही कधी करायची याला महत्त्व आहे. कोयता लागून नस तुटली तर सुईच्या तपासणीत पूर्ण चित्र दिसायला दोन-तीन आठवडे जावे लागतात. लगेच केली आणि रिपोर्ट नीट आला म्हणून निश्चिंत राहू नये. हृदयात पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर आधी सांगावं. जाताना हाताला तेल लावू नये.

मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे मशीन आणि ते चालवणारा शिकलेला माणूस, दोन्ही हवेत. नुसतं मशीन खोलीत झाकून ठेवून काही होत नाही. ते लगेच जमणार नसेल तर महिन्यातले ठरावीक दिवस नेमा आणि ती तारीख तालुक्याच्या दवाखान्यात फळ्यावर लिहा.

आईचं मनगटाचं छोटं ऑपरेशन झालं. आता ती रात्रभर झोपते. अंगठ्याचा जोर मात्र परत आलेला नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. आमच्या वस्तीवरच्या आणखी चार बायका रात्री हात झटकत उठतात. त्यांना कुठे आणि कोणत्या दिवशी पाठवायचं, एवढं उत्तर आरोग्य विभागाने टोळ्या निघायच्या आधी आपल्या पानावरून द्यावं, ही विनंती.

आपला नम्र,
एक शिक्षक वाचक
ता. वडवणी, जि. बीड