ऑफर म्हणजे नुसता आकडा नव्हे

महोदय,
पहिलाच रिसेल फ्लॅट गुंतवणुकीला घेणारे दलालाला फोनवर भाव सांगून मोकळे होतात. जाहिरातीतला भाव मागणीचा असतो. त्याच सोसायटीतल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्र. २ (नोंदणी कार्यालयातला विक्रीचा उतारा, त्यात नोंदलेला भाव दिसतो) पाहावी. वरचा खर्चही धरावा : पुण्यात ६० लाखांच्या फ्लॅटवर ७ टक्के मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार, नोंदणी ३० हजार (महिलेच्या नावे शुल्कात १ टक्का सूट).

ऑफर लेखीच द्यावी : टोकन (आगाऊ रक्कम), ताब्याची तारीख, सोसायटीची थकबाकी कोणाकडे. ‘कर्ज नाकारल्यास टोकन परत’ ही ओळ लिहायची राहून गेली, की पैसे अडकलेच. विक्रेत्याला घाई असेल तर बँकेचं मंजुरीपत्र जोडलेली ऑफर थोडी कमी असूनही चालून जाते. १ टक्का टीडीएस (खरेदीदाराने कापून सरकारकडे भरायचा कर), म्हणजे ६० हजार, विक्रेत्याच्याच रकमेतून कापायचे, हेही लिहावं. नाहीतर नोंदणीच्या दिवशी हुज्जत ठरलेली.

– एक वाचक, कोथरूड, पुणे