पाण्याच्या बाटलीत केमिकल ठेवायची टिप कृपया मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल तुमच्या पुरवणीत शाळेच्या सायन्स लॅबसाठी दहा टिप्स आल्यात त्या वाचल्या. सहाव्या टिपेवर आले आणि पुढचं वाचवेना, पेपर बाजूला ठेवला तो रात्री पुन्हा उघडला. मी ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेत ३३ वर्षं प्रयोगशाळा सहायक होते, २०२१ ला ५८ पूर्ण झाली आणि रिटायर झाले. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

सहावी टिप म्हणते की रिएजंट बॉटल (लॅबमध्ये केमिकल ठेवायच्या खास बाटल्या) महाग पडतात, तेव्हा पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या स्वच्छ धुऊन त्यात सोल्यूशन्स भरून ठेवा, पैसेही वाचतात आणि मुलांना टाकाऊतून टिकाऊ शिकायला मिळतं. साहेब, हे छापायच्या आधी ठाण्यातल्या कुठल्याही शाळेतल्या एका लॅबवाल्याला फोन केला असता तरी त्याने तुम्हाला थांबवलं असतं.

२००७ चा जून. शाळा सुरू होऊन आठवडाच झालेला, मला लॅबमधून काढून तळमजल्यावर पाठ्यपुस्तकं वाटायला बसवलं होतं (हे दरवर्षी व्हायचं, लॅबवाले म्हणजे रिकामे असा समज). वर तासिका तत्त्वावरच्या एका सरांनी दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलसाठी कॉस्टिक सोड्याचं (हे कातडी जाळणारं अल्कली) वीस टक्क्यांचं सोल्यूशन केलं, धुतलेली रिएजंट बॉटल मिळाली नाही म्हणून लिटरच्या पाण्याच्या बाटलीत ओतलं आणि बेसिनच्या बाजूला कट्ट्यावर ठेवून निघून गेले. लेबल नाही. आमच्या शाळेच्या सफाईच्या मावशी तीन मजले झाडून वर आल्या, घाम पुसला, समोर पाण्याची बाटली दिसली.

ओरडा ऐकून मी धावत वर गेले. त्या बेसिनवर वाकलेल्या, दोन्ही हातांनी हनुवटी धरलेली, तोंडातून लाळेची तार थांबत नव्हती आणि ओठ पांढरे पडलेले, पाण्यात खूप वेळ भिजलेल्या बोटांसारखे. बाटली हातात घेतली तर अजून कोमट होती आणि तिचं बूड एका बाजूला वाकलं होतं, कारण कॉस्टिक पाण्यात विरघळताना चांगलंच तापतं आणि सरांनी ते गार व्हायच्या आतच ओतलेलं. बाहेरून ओघळ आलेला, बोटाला साबणासारखा बुळबुळीत लागला. तेव्हा कळलं काय प्यायल्यात ते. मी त्यांना नळाखाली धरून चुळा भरायला लावल्या, भरायच्या आणि थुंकायच्या, पुन्हा भरायच्या. तेवढ्यात कोणी मिठाचं पाणी घेऊन आलं, उलटी काढूया म्हणून, कोणी लिंबू कापून आणलं की अल्कलीला ॲसिड द्या. दोन्ही मी ढकलून दिलं. उलटी काढली की तेच कॉस्टिक वर येताना घसा दुसऱ्यांदा जाळतं, आणि लिंबाने आतल्या आत आणखी उष्णता होते. रिक्षात बसताना कॉस्टिकच्या पेलेट्सची (गोळ्यांची) मूळ बरणी मी पिशवीत घातली, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो की नक्की काय पोटात गेलंय. तुमच्या दहा टिप्समध्ये ही एक असती तरी मी पत्र लिहिलं नसतं.

मावशी वाचल्या, बहुतेक सगळं थुंकून टाकलं होतं म्हणून. नऊ दिवस दूध आणि पेज. त्यानंतर रिटायर होईपर्यंत त्यांनी डब्यात तिखट भाजी आणली नाही, जीभ सहन करायची नाही.

आणि मेमो मला मिळाला. “आपल्या ताब्यातील प्रयोगशाळेत घातक द्रव्य निष्काळजीपणे ठेवल्याबद्दल” दोन दिवसांत खुलासा करा. मी खुलासा लिहिला की त्या वेळी मी शाळेच्याच आदेशाने तळमजल्यावर पुस्तकं वाटत होते. मावशी बऱ्या होऊन आल्यावर तोंडाला पदर लावून ऑफिसात गेल्या आणि म्हणाल्या, “बाई वरती नव्हत्याच, त्यांनीच मला नळाखाली धरली.” तरी मेमो माझ्या फाइलमध्ये राहिला तो राहिला. त्या सरांना कोणी काही विचारलं नाही, पण आज मला त्यांचाही राग नाही. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, आणि काल तुम्ही तीच चूक टिप म्हणून घरोघरी पोचवलीत.

त्या दिवसापासून माझ्या लॅबमध्ये पिण्याच्या पाण्याची बाटली आत आली नाही, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांचीसुद्धा दाराबाहेर ठेवायला लावली. पैसे नसतील तर शाळांनी काय करावं तेही सांगते. केमिकलच्याच रिकाम्या जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या तीन-चार वेळा धुवून, जुनं लेबल पूर्ण खरवडून वापरा. नवीन हव्या असतील तर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन डझनाने आणा, स्टेशनरीवाल्याकडून एकेक मागवू नका. कॉस्टिक काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवू नका, बूच असं चिकटतं की मान तुटते पण बूच निघत नाही, रबरी बूच लावा. लेबल पेन्सिलने लिहा, ॲसिडच्या वाफेने शाई उडते, शिसं उडत नाही. नाव, किती स्ट्राँग, कधी केलं, आणि लेबल चिकटवल्यावर वरून मेणबत्ती घासा, आपल्या पावसाळ्यात नाहीतर महिन्यात गळून पडतं. लेबल गळलेली बाटली दिसली तर वास घेऊन ओळखायला जाऊ नका.

तिसऱ्या टिपेत कपाट अक्षरमालेप्रमाणे लावा म्हटलंय, शोधायला सोपं जातं. सोपं जातं हे खरं. पण मग नायट्रिक ॲसिडशेजारी नॅफ्थलीन येतं आणि हायड्रोक्लोरिकच्या शेजारी हायड्रोजन पेरॉक्साइड, या दोन्ही जोड्या फुटून एकत्र झाल्या तर पहिलीत आग लागू शकते आणि दुसरीतून क्लोरीन सुटतो. आधी गट करा, ॲसिडं वेगळी आणि खालच्या फळीवर ट्रेमध्ये (त्यातही नायट्रिक एकटं), अमोनिया त्यांच्यापासून लांब, स्पिरिट-ॲसिटोन आणखी वेगळ्या कपाटात, आणि मग प्रत्येक गटात हवी तर अक्षरमाला लावा. ॲसिड आणि अमोनिया एका कपाटात ठेवले की काचेवर, बाटल्यांवर, बिजागरीवर पांढरी पूड बसते, ती धूळ समजून पुसत बसणारे मी बघितलेत, तो अमोनियम क्लोराइड असतो.

आठवी टिप, ॲसिड अंगावर उडालं तर लगेच खायचा सोडा चोळा. नको. सोडा फरशीवर. अंगावर फक्त पाणी, धो धो वाहतं, पंधरा-वीस मिनिटं घड्याळ लावून, आणि भिजलेला कपडा आधी काढायचा, लाज नंतर. डोळ्यात गेलं तरी पाणीच. चोळायचं तर अजिबात नाही.

जूनमध्ये शाळा उघडताना ज्या गोष्टी सांगायला हव्यात त्या लेखात नाहीतच. मे महिना बंद खोलीत तापलेली लिकर अमोनियाची (म्हणजे पाण्यातल्या स्ट्राँग अमोनियाची) बाटली सरळ उघडली तर वाफ तोंडावर येते, आधी बर्फाच्या पाण्यात गार करा, बुचावर ओलं फडकं धरा, तोंड बाजूला करा. मायक्रोस्कोपच्या लेन्सवर ठाण्याच्या हवेत बुरशी धरतेच, ती एकदा आत शिरली की कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि मग लेन्स गेलीच समजा, म्हणून आम्ही पावसाळाभर त्या कपाटात चाळीसचा बल्ब चालू ठेवायचो. सिल्व्हर नायट्रेट नळाच्या पाण्यात केलं की दुधासारखं होतं, तिथे ‘फिल्टरचं पाणी चालेल’ ही तुमची नववी टिप चालत नाही, डिस्टिल्डच लागतं.

लेखासोबतचा फोटोही बघा एकदा. मुलीचे केस मोकळे, डोळ्याला गॉगल नाही, आणि दिव्यावर धरलेल्या परीक्षानळीचं तोंड थेट शेजारच्या मुलाच्या गालाकडे. बारावीच्या केमिस्ट्रीच्या तीस मार्कांच्या प्रॅक्टिकलला कोणी अशी नळी धरली तर मी हात धरून वळवायचे, एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) बघत असले तरी.

शेवटी एक वेगळी गोष्ट, पण मनाला लागली म्हणून लिहिते. लेखात दोन ठिकाणी ‘लॅब बॉय’ असा शब्द आहे. आमची पदं प्रयोगशाळा सहायक आणि प्रयोगशाळा परिचर अशी आहेत, १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीपासून. माझ्यासारख्या कितीतरी बायकांनी ही कामं केलीत, आणि माझ्या हाताखालचे परिचर पंचावन्न वर्षांचे होते, त्यांना मी कधी अरे-तुरे केलं नाही. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदं कायमची भरायची बंद होऊन ठोक भत्त्यावर माणूस ठेवायचा असं झालंय. म्हणजे आता लॅबमध्ये येणारा माणूस रोज बदलणारा आणि नवखा असणार. त्याला शिकवायला माझ्यासारखं कोणी शेजारी नसेल, त्याच्या हातात कदाचित तुमचं कात्रणच असेल. म्हणून एवढं तळमळून लिहिलं.

चुका मी मोजल्या त्या चार, सगळ्यांची दुरुस्ती छापायला जागा नसेल हे समजू शकते. माझं पत्र छापलं नाहीत तरी राग नाही. पण सोमवारी शाळा उघडतायत, त्याच्या आत पाण्याच्या बाटलीची तेवढी दुरुस्ती छापा, आणि टिप छापली होती तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
कळवा, ठाणे