पदवीच्या नावापाशी अडणारे पदवीधर : उच्च व तंत्र शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जैवविज्ञान शाखांच्या पदवीधरांची पात्रता व समकक्षता

महोदय,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत टेबलासमोर बसलेल्या पालकांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "मॅडम, बीएस्सी करून पुढे काय?" समोरच्या मुलांपैकी अनेकांचा 'नीट'मधून वैद्यकीयला नंबर लागलेला नसतो आणि जीवशास्त्राची आवड मात्र खरी असते. त्यांना वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, जैवतंत्रज्ञान किंवा लाइफ सायन्सेस यांपैकी एक निवडायचे असते. ही निवड तीन वर्षांनंतर नोकरीची कोणती जाहिरात आपल्याला चालेल हेही ठरवून टाकते, याची कल्पना त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना क्वचितच असते.

एक उदाहरण देते. अन्न व औषध प्रशासनातील अन्न सुरक्षा अधिकारी या पदाची पात्रता अन्न सुरक्षा व मानके नियम, २०११ मध्ये ठरवली गेली. त्या यादीत अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक यांच्याबरोबर जैवतंत्रज्ञान, जैवरसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र या पदव्यांचा नावाने उल्लेख आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा लाइफ सायन्सेसचा नाही. भारतीय वन सेवेच्या परीक्षेची गोष्ट नेमकी उलट. तिथे वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र चालतात, पण सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांची नावे यादीत नाहीत, त्यामुळे पदवीला रसायनशास्त्रासारखा यादीतला एखादा विषय जोडीला नसेल, तर माझ्या विद्यार्थ्याला अर्जही भरता येत नाही. औषध निरीक्षकासाठी औषधनिर्माणशास्त्राची पदवी मागितली जाते, ते मी समजू शकते. त्या कामाचा अभ्यासक्रमच वेगळा आहे. परंतु लाइफ सायन्सेसच्या ज्या विद्यार्थ्याने सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवरसायन यांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका सोडवल्या, प्रात्यक्षिके केली, त्याला केवळ गुणपत्रकावरच्या शीर्षकामुळे अपात्र ठरवण्यामागचे कारण मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

थोडे विषयांतर वाटेल, तरी सांगते. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन हे वैद्यक शिकलेले नव्हते. ओडेसा येथे शिकलेले ते प्राणिशास्त्रज्ञ होते. ज्यांच्या नावाची संस्था परळला आजही उभी आहे, त्यांच्या विषयाची पदवी वरच्या यादीत अन्नाचे नमुने घेण्याच्या कामालाही पुरेशी धरलेली नाही.

खाजगी क्षेत्रात शीर्षकाची अडचण कमी आहे आणि काम भरपूर आहे. पुण्याची लसनिर्मिती, जालन्याचा बियाणे उद्योग, जळगावची ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) केळीची रोपे, साखर कारखान्यांच्या आसवन्या, दूध संघ, जिवाणू खतांचे कारखाने, शिवाय मुंबई-पुण्यातील क्लिनिकल रिसर्च, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी आणि मेडिकल कोडिंगची कार्यालये, या सगळ्यांना आमच्या शाखांची मुले लागतात. इथे अडते ते सरावापाशी. आमच्या मुलीला ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र, १२१ अंश सेल्सिअसला किती मिनिटे चालवायचा हे पाठ असते. पण तोच ऑटोक्लेव्ह कारखान्यात प्रमाणित कसा करतात, बॅचची नोंद कशी ठेवतात, चुकलेला आकडा खोडण्याऐवजी एका रेघेने छेदून त्यावर सही व तारीख का घालतात, हे तिने पाहिलेले नसते. गुणवत्ता नियंत्रण विभागाच्या मुलाखतीत नेमके हेच विचारतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने पदवीच्या आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण, आणले, ही गोष्ट मनापासून स्वागतार्ह आहे. मात्र लहान गावात ते घ्यायचे कुठे, याचे उत्तर महाविद्यालयावर सोडले आहे. आमच्या काही विद्यार्थ्यांनी हे प्रशिक्षण रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत पावत्या फाडण्यात घालवले आणि प्रमाणपत्र व्यवस्थित मिळवले. त्या प्रयोगशाळेला मी दोष देत नाही. डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, नसलेल्या मुलाच्या हाती रुग्णाचा नमुना देणे तिला परवडणारे नव्हते.

माझ्या मागण्या दोन आहेत. पहिली, शीर्षकाऐवजी अभ्यासलेल्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट्स) मोजणारी समकक्षता यादी विद्यापीठांकडून तयार करून घ्यावी, राज्य शासनाच्या पदांना ती लागू करावी आणि केंद्राच्या नियमांतील पदांसाठी त्याच यादीसह केंद्राकडे पाठपुरावा करावा. २०११ च्या त्या नियमांतच केंद्राने अधिसूचित केलेली समकक्ष पात्रता चालेल, अशी सोय ठेवलेली आहे. दुसरी, अन्न व औषध प्रशासनाच्या, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रयोगशाळांत, तसेच सहकारी साखर कारखाने व दूध संघ यांच्या प्रयोगशाळांत ऑन जॉब ट्रेनिंगच्या जागा जिल्हावार निश्चित कराव्यात. यांतली बरीच खाती आपली नाहीत, याची मला जाणीव आहे. म्हणूनच हा निर्णय एकट्या प्राचार्यांच्या पत्रव्यवहारातून होणारा नाही.

ही समकक्षता यादी पुढील प्रवेशाच्या आधी महाविद्यालयांना मिळाली, तर तिची एक छापील प्रत मी प्रवेशाच्या टेबलावर ठेवीन.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक प्राध्यापिका